चौथा कॅनाल : प्रस्तावना

वरच्या पहिल्या दाढेला मुळे तीन आणि कॅनालही तीन, हे गणित माझ्या डोक्यात पक्के बसले होते. १९८८ साली बीडीएस होऊन मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात दवाखाना उघडला. पुढची नऊ वर्षे ज्या ज्या वरच्या दाढेचे रूट कॅनल केले, तिच्यात तीन तोंडे शोधली, तीन साफ केली, तीन भरली. बहुतेक दाढा शांत राहिल्या. काही राहिल्या नाहीत. गावातल्या शाळेतल्या एक बाई अशाच एका दाढेसाठी चार वेळा परत आल्या. एक्स-रेमध्ये तिन्ही कॅनाल टोकापर्यंत भरलेले दिसत होते, तरी चावताना दाढ ठणकायची. मी गोळ्या बदलल्या, दाढेची उंची थोडी घासली, "काही दिवस वाट पाहू" असे सांगितले. शेवटी १९९७ मध्ये, दर गुरुवारी शहरातून एस.टी.ने येणाऱ्या एंडोडॉन्टिस्ट मित्राला ती दाढ पुन्हा उघडायला सांगितली. त्याने डोळ्यांवर लूप चढवली. गालाकडच्या पुढच्या मुळात मी भरलेल्या कॅनालपासून टाळूच्या दिशेने जेमतेम दोन मिलिमीटर बारीक बर फिरवला, टोकदार प्रोबने चाचपले आणि आठ नंबरची फाईल हलकेच आत सरकवली. ती गेली. चौथा कॅनाल तिथे होता.

बाईंची दाढ पंधरा दिवसांत शांत झाली. मी मात्र अस्वस्थ झालो. माझा हात चुकला असता तर इतके वाईट वाटले नसते. मी तो कॅनाल शोधलाच नव्हता, कारण तो शोधायचा असतो हेच मला उमगले नव्हते. पुढे वाचायला घेतले तेव्हा कळले की अमेरिकेतील फ्रँकलिन वाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुळातल्या दुसऱ्या कॅनालकडे १९६९ सालीच लक्ष वेधले होते, आणि तो अपवादाने नव्हे तर निम्म्याहून अधिक दाढांत सापडतो. ज्ञान जगात होते. माझ्या हातापर्यंत यायला त्याला अठ्ठावीस वर्षे लागली.

हे पुस्तक त्या अठ्ठावीस वर्षांविषयी आहे. आमच्या भागातले काही दंतवैद्य दर महिन्याच्या एका रविवारी एकत्र बसतात आणि आपापल्या दवाखान्यातल्या केसेस एकमेकांसमोर मांडतात. त्या चर्चांची टिपणे पुढच्या पानांत आहेत. ती वाचण्याआधी, पदवीनंतरचे शिक्षण म्हणजे आपल्याकडे नेमके काय आहे, कुठे आहे आणि कुठे नाही, हे सांगावे म्हणून ही प्रस्तावना जरा लांबवली आहे.

दंतवैद्याचे काम फार एकट्याचे असते. सर्जनच्या टेबलाभोवती भूलतज्ज्ञ असतो, सहायक असतो, सिस्टर असते. चार डोळे त्याचा हात पाहत असतात. रुग्णालयातल्या फिजिशियनला राउंड असतो, केस पेपरवर दुसऱ्याची सही असते. आमच्याकडे एक खुर्ची, एक दिवा आणि एक तोंड. केलेले काम रुग्णालाही दिसत नाही. दुखायचे थांबले एवढेच त्याला कळते. इंटर्नशिपचा शेवटचा दिवस संपला की आपले काम वरिष्ठाने पाहण्याचा काळही संपतो, आणि पुढची पस्तीस-चाळीस वर्षे ते कोणीच पाहत नाही. पाहतो तो फक्त पुढचा दंतवैद्य, आणि तोही "हे कुणी केलंय?" असे रुग्णालाच विचारतो. ज्याने केले त्याच्या कानावर ते कधी जातच नाही. त्यामुळे एखादा माणूस तीच चूक मोठ्या सफाईने, मोठ्या आत्मविश्वासाने आयुष्यभर करत राहू शकतो. त्याला आपण अनुभव म्हणतो. माझ्या मते आमच्या व्यवसायातला हा सर्वांत मोठा धोका आहे. पदव्युत्तर आणि निरंतर शिक्षणाचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा. अभ्यासक्रमाच्या यादीपासून सुरू केला तर तो भरकटतो.

आपल्या देशात दंतवैद्यकाचे महाविद्यालयीन शिक्षणच मुळात शंभर-सव्वाशे वर्षांच्या आतले. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातून शिकून आलेल्या डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात पहिले दंत महाविद्यालय काढले. त्याचा खर्च भागवण्यासाठी त्यांनी सोडा फाउंटन आणि आइस्क्रीमचे दुकान चालवले. पुढे त्यांनी नियतकालिकही काढले. म्हणजे कॉलेज सुरू करणाऱ्या माणसालाच ठाऊक होते की कॉलेजातून बाहेर पडलेल्याच्या हाती वाचायला काहीतरी पडत राहिले पाहिजे. मुंबईत १९३३ साली नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय सुरू झाले. त्यानंतर सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातले, आज ज्याला आपण गव्हर्न्मेंट डेंटल म्हणतो ते. नागपूरचे शासकीय महाविद्यालय १९६८ चे. गोव्यात बांबोळीला १९८० मध्ये सोय झाली.

१९४८ च्या दंतवैद्य कायद्याने नोंदणी आणली. त्या कायद्याच्या नोंदवहीत दोन भाग होते. पहिल्यात पदवीधर, दुसऱ्यात पदवी नसलेले पण वर्षानुवर्षे दातांच्याच कामावर पोट भरणारे. या दुसऱ्या भागातल्या माणसांविषयी मला नेहमी आदर वाटत आला आहे. त्यांच्यातले कित्येक जण एखाद्या जुन्या दंतवैद्याच्या हाताखाली बसून, त्याचा हात पाहत शिकले होते. कवळीचा चावा जुळवणे, मेणात दात बसवणे ही त्यांची कामे उत्तम असायची. कायद्याने पदवी आणली आणि ते योग्यच झाले. संसर्ग, भूल, औषधे ही पाहून शिकायची गोष्ट नव्हे. पण पदवी आली तेव्हा गुरूच्या शेजारी बसण्याची पद्धत मात्र हळूहळू कॉलेजच्या भिंतींच्या आतच राहिली. बाहेर पडणाऱ्याला ती पुन्हा मिळाली नाही.

पदवीनंतरचा राजमार्ग म्हणजे एमडीएस. तीन वर्षे, नऊ शाखा. कृत्रिम दात, हिरड्या, मुखशल्यक्रिया, रूट कॅनल आणि फिलिंग, वाकडे दात, लहान मुलांचे दात, मुखविकृती, मुखरोगनिदान आणि क्ष-किरण, सार्वजनिक दंतआरोग्य. ज्याने ती तीन वर्षे मनापासून केली, त्याला मिळणारी गोष्ट मोठी असते. सेमिनार, जर्नल क्लब, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला सादर करायचा प्रबंध हे सगळे ठीकच. पण खरी कमाई वेगळी. तिथे त्याने केलेले प्रत्येक काम कोणीतरी पाहते. कॅनाल भरला की एक्स-रे घेऊन मार्गदर्शकासमोर उभे राहावे लागते आणि "काढ, पुन्हा भर" हे ऐकावे लागते. तीन वर्षे हे ऐकलेल्या माणसाच्या डोक्यात तो आवाज कायमचा राहतो. पुढे दवाखान्यात एकटा असतानाही तो स्वतःला तेच म्हणतो.

पण ही वाट सगळ्यांसाठी नाही. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. बीडीएसच्या जागा पंचवीस हजारांवर आणि एमडीएसच्या त्यांच्या साधारण एक चतुर्थांश. २०१७ च्या प्रवेशांपासून त्यांच्यासाठी देशभर एकच नीट-एमडीएस परीक्षा आहे. खासगी महाविद्यालयात, विशेषतः मागणी असलेल्या शाखेत, तीन वर्षांचा खर्च बऱ्याच घरांना शेत विकायला लावेल असा असतो. आणि दुसरीकडे मुखविकृती व सार्वजनिक दंतआरोग्य या शाखांतल्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, पात्रतेची पातळी खाली आणूनही. तोंडाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या देशात, पेशी तपासणारी आणि गावोगाव जाऊन तोंडे तपासणारी शाखाच कोणालाही नको आहे. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. त्या शाखा शिकलेल्यांना पगाराची जागा कोणी देत नाही, हे सरकारचे आणि समाजाचे अपयश आहे.

या सगळ्यात इंटर्नशिपचे वर्ष वाया जाते, याचे मला अतिशय दुःख आहे. स्वतःच्या हाताने सर्वांत जास्त शिकण्याचे ते वर्ष. पण इंटर्नचे लक्ष रुग्णाच्या तोंडात नसून बहुपर्यायी प्रश्नांच्या पुस्तकात असते. त्याने दुसरे काय करावे? संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला आणि त्यात राष्ट्रीय एक्झिट परीक्षेची तरतूद ठेवली. ती परीक्षा हाताचे काम तपासणारी झाली तर इंटर्न पुन्हा खुर्चीशेजारी दिसेल. पुन्हा गोळे काळे करण्याचीच झाली तर जैसे थे. इंग्लंडमध्ये नव्या पदवीधराला राष्ट्रीय आरोग्य सेवेत स्वतंत्र काम करण्यापूर्वी एका अनुभवी दंतवैद्याच्या दवाखान्यात वर्षभर देखरेखीखाली काम करावे लागते. १९९३ पासून ते बंधनकारक आहे. मोठ्या इमारतीची, महागड्या यंत्राची त्यासाठी गरज नाही. दुसरी खुर्ची आणि शिकवायची तयारी असलेला एक माणूस एवढेच लागते.

मग जो एमडीएस झाला नाही, त्याने काय शिकायचे राहते? थोडे तपशिलात सांगतो, कारण "विज्ञान बदलत असते" हे वाक्य सगळे म्हणतात आणि कोणाच्याच मनावर त्याचे ओझे पडत नाही.

आम्हाला शिकवले होते की हृदयाच्या झडपेला काही ना काही विकार असलेल्या कोणाचाही दात काढण्याआधी प्रतिजैविक द्यायचे, नाहीतर जंतू रक्तात जाऊन झडपेवर बसतील. २००७ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने ही यादी एकदम आखूड केली: कृत्रिम झडप, पूर्वी झालेला एंडोकार्डायटिस, जन्मजात हृदयविकारांपैकी काही ठरावीक, आणि प्रत्यारोपित हृदयाच्या झडपेत बिघाड. कारण साधे होते. एकदा दात काढताना जितके जंतू रक्तात जातात, त्याहून कितीतरी जास्त रोजच्या ब्रशने आणि चावण्याने वर्षभरात जात असतात. इंग्लंडच्या नाइस संस्थेने २००८ मध्ये तर ही पद्धत कोणासाठीच नको असे सांगितले. २०२१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठीचे क्लिंडामायसिनही यादीतून काढून टाकले. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले रुग्ण पुष्कळ. त्यांच्याबाबत काय करायचे, हे ठरवायला परदेशी यादी पुरत नाही. हृदयरोगतज्ज्ञाला फोनच करावा लागतो. हा फोन करायचा असतो, हेही कोणीतरी शिकवावे लागते.

दुसरे उदाहरण २००३ चे. मायामीचे मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी लिहिले की हाडांसाठी बिस्फॉस्फोनेट औषधे घेणाऱ्या काही रुग्णांत जबड्याचे हाड उघडे पडते आणि भरून येत नाही, बऱ्याचदा दात काढल्यानंतर. २००३ च्या आधी पदवी घेतलेल्या एकाही दंतवैद्याच्या पुस्तकात हे नव्हते. आज आमच्या तालुक्यातही साठीच्या पुढच्या बायका हाडे ठिसूळ झाली म्हणून आठवड्याला एक गोळी घेतात. कर्करोग हाडात पसरलेले रुग्ण शिरेतून इंजेक्शन घेतात. "काही औषधे चालू आहेत का?" असे विचारले तर त्या बायका "बीपीची" म्हणतात. आठवड्याची एक गोळी त्यांच्या मोजदादीतच येत नाही. "हाडांसाठी काही घेता का, सलाइनमधून काही दिलंय का?" असा सरळ प्रश्न विचारला तरच उत्तर मिळते. हा एक प्रश्न न विचारल्यामुळे महिनोन् महिने वाहत राहिलेला जबडा मी पाहिला आहे.

अ‍ॅस्पिरिनचेही तसेच. रक्त पातळ करणारी गोळी पाच-सात दिवस बंद करून या, असे आम्ही सर्रास सांगत होतो. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाची ती गोळी आपल्या सांगण्यावरून बंद झाली आणि स्टेंट गुठळीने भरला, तर त्या एका दाताची किंमत काय झाली? दात काढल्यावरचे रक्त दाबून, टाका घालून थांबवता येते. आणि चांदी! चांदी भरण्यात ज्याचा हात बसला, तो आमच्या पिढीचा खरा कारागीर. पण या चांदीत पारा असतो, आणि पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ साली झाला. त्याच्या सदस्य देशांनी २०२२ मध्ये ठरवले की पंधरा वर्षांखालची मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्यात, अगदी गरज असल्याशिवाय, चांदी भरू नये. आमचे कौशल्य वाईट नव्हते. पण तेवढ्यावर थांबलेला माणूस आज रुग्णाला योग्य पर्याय देऊ शकत नाही.

आता ज्या विषयासाठी मी हे पुस्तक व्हावे म्हणून आग्रह धरला, त्याकडे येतो. महाराष्ट्रातल्या दंतवैद्याने पदवीनंतर दुसरे काही नवे शिकले नाही, तरी एक गोष्ट पुन्हा पुन्हा शिकली पाहिजे: दुखणारा दात बाजूला ठेवून सगळे तोंड पाहणे.

तोंड हळूहळू आखडत जाणारा जो आजार आपण रोज पाहतो, त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव १९५३ साली मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांच्या लेखातून आले. त्याच्या आदल्या वर्षी श्वार्ट्झ यांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांत तो नोंदवला होता. टाटा मेमोरियलच्या डॉ. पेमास्टर यांनी १९५६ मध्ये त्याचा कर्करोगाशी संबंध दाखवला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांनी कोपनहेगनच्या डॉ. पिंडबोर्ग यांच्या साथीने गावोगावच्या तोंडांची पाहणी हाती घेतली. महाराष्ट्रातल्या एक लाख एक हजार सातशे एकसष्ट गावकऱ्यांची तोंडे तपासून केलेला त्यांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. १,०१,७६१! मी हा आकडा आमच्या रविवारच्या मंडळात पहिल्यांदा सांगितला तेव्हा तरुण सभासद चकित झाले. या आजाराचे बरेचसे मूलभूत ज्ञान आपल्याच मातीत, आपल्याच माणसांच्या तोंडात डोकावून उभे राहिले आहे, आणि आपल्याच दवाखान्यांत ते रोज वापरले जात नाही.

सुपारी हे त्याचे मूळ. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक ठरवले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली, तरी विदर्भात खर्रा आहे, आमच्याकडे मावा आहे, आणि घरातल्या बायकांची मिश्री कोणी व्यसन मानतच नाही. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा अक्कलदाढ दुखते म्हणून येतो, तोंड उघडतो आणि त्याच्या दातांमध्ये त्याची स्वतःची तीन बोटे उभी बसत नाहीत. त्याला दाढेचे सांगायचे की तोंडाचे? दोन्ही सांगायचे, पण तोंडाचे आधी. गाल आतून चाचपला की दोरीसारखे पट्टे लागतात. जीभ कापसाच्या तुकड्यात धरून बाजूला ओढायची आणि तिची कड मागपर्यंत पाहायची. जिभेखालचा भाग, टाळू, ओठांची आतली बाजू, आणि शेवटी मानेच्या गाठी. सगळे मिळून चार-पाच मिनिटे. टोकदार दाताची धार घासून दोन आठवड्यांनीही न भरलेली जखम बायोप्सीला पाठवायची. आणखी एक महिना मलम लावून पाहायचे नाही.

याने खरेच जीव वाचतात का? तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसत्या डोळ्यांनी तोंड पाहण्याने तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ते सेवक डॉक्टर नव्हते. थोड्या काळाच्या प्रशिक्षणावर त्यांनी हे केले. पाच वर्षे दंतवैद्यक शिकलेल्या माणसाला हे जमत नसेल, तर त्याला कमी पडते ते ज्ञान नाही. त्याला हे करताना कोणी पाहिले नाही, आणि केले नाही तेव्हा कोणी विचारले नाही.

निरंतर शिक्षणाच्या नावाने आज जे चालते, त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. नोंदणी टिकवण्यासाठी सीडीईचे गुण मिळवावे लागतात. नियम चांगल्या हेतूने आला. पण हॉलमध्ये सकाळी सही, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र, आणि मधल्या वेळात ज्या कंपनीने खर्च उचलला तिच्या मालाची ओळख, असे ते बऱ्याच ठिकाणी होऊन बसले आहे. मी अशा कार्यक्रमांत बोललो आहे, ऐकायलाही बसलो आहे. उत्तम व्याख्याने ऐकली आहेत. परंतु हाताचे काम व्याख्यानाने येत नाही. रोटरी फाईल कधी थांबवायची हे बोटांना कळावे लागते. त्यासाठी काढलेले दात निर्जंतुक करून प्लॅस्टरच्या ठोकळ्यात बसवायचे आणि वीस-पंचवीस दात मोडू द्यायचे. आमच्या मंडळाच्या कपाटात अशा दातांच्या बाटल्या आहेत. त्यांच्यावर जितके शिकलो तितके कुठल्याच पडद्यावरून शिकलो नाही.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती शनिवार-रविवारच्या इम्प्लांट कोर्सची. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी टायटॅनियम आणि हाड एकरूप होतात हे १९५० च्या दशकात पाहिले. पहिल्या रुग्णाला त्यांनी ते १९६५ साली बसवले. बाहेरच्या जगाने त्यावर विश्वास ठेवला तो १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर. पहिल्या रुग्णापासून त्या परिषदेपर्यंत सतरा वर्षांच्या नोंदी होत्या. आणि आपण दोन दिवसांत एका बकऱ्याच्या जबड्यावर शिकून सोमवारी माणसाच्या जबड्यात ड्रिल घालायचे? सामान्य दंतवैद्याने इम्प्लांट करू नये असे मी म्हणत नाही. जरूर करावे. पण पहिले दहा कोणाच्या तरी शेजारी बसून, आणि प्रत्येकाचा वर्षानंतरचा एक्स-रे काढून.

इंग्लंडच्या जनरल डेंटल कौन्सिलने २०१८ पासून पाच वर्षांत किमान शंभर तासांची अट ठेवली आहे. तासांपेक्षा मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. मला काय येत नाही याचा आराखडा प्रत्येकाने आधी लिहायचा, आणि शिकून झाल्यावर कामात काय बदलले तेही लिहायचे. ही दोन पाने आपल्याकडे आजपासून सुरू करायला कोणत्याही परिषदेची परवानगी लागत नाही.

आपल्या महाराष्ट्रात एक पद्धत आपोआप रुजली आहे, तिची कोणी दखल घेतलेली नाही: बॅग घेऊन फिरणारा कन्सल्टंट. ठरलेल्या वारी तालुक्याच्या दवाखान्यात येणारा एंडोडॉन्टिस्ट, महिन्यातून दोनदा येणारा ऑर्थोडॉन्टिस्ट, अडलेल्या अक्कलदाढेसाठी बोलावला जाणारा सर्जन. रुग्णाला शहरात जावे लागत नाही, एवढाच त्याचा फायदा आपण मोजतो. त्याहून मोठा फायदा म्हणजे एमडीएसला मिळणारे ते शेजारी बसणे इथे पुन्हा मिळू शकते. दुर्दैवाने बहुतेक दंतवैद्य त्या वेळेत दुसऱ्या खुर्चीवर दुसरा रुग्ण घेतात. मीही नऊ वर्षे तेच केले. त्या चौथ्या कॅनालनंतर मी गुरुवारी दुपारी दुसरा रुग्ण घेणे बंद केले आणि मित्राच्या शेजारी स्टूल टाकून बसू लागलो. पुढे शेजारच्या गावातला एक जण आला, मग दोघी जणी आल्या. मंडळ तिथून सुरू झाले.

मंडळाचे नियम थोडेच. रुग्णाचे नाव सांगायचे नाही. कंपनीचा माणूस नाही. यशस्वी केस मांडायची असेल तर आधी एक फसलेली मांडायची. पहिल्या वर्षी लोक संकोचले. फसलेली म्हणून किरकोळ काहीतरी आणायचे. एका तरुणीने खालच्या दाढेच्या मुळाला बाजूने पडलेल्या भोकाचा एक्स-रे सगळ्यांसमोर धरला, तेव्हापासून खोलीतले बोलणे बदलले. कोणाची फाईल आत मोडलेली, कोणी रबर डॅम न लावल्याने रुग्णाने फाईल गिळलेली, कोणाला खुर्चीत रुग्ण बेशुद्ध पडल्यावर साखर कमी झाली की ब्लड प्रेशर पडले हे कळले नव्हते, कोणाच्या अ‍ॅड्रिनॅलिनची मुदत कधीच उलटून गेलेली. या पुस्तकातली निम्म्याहून अधिक प्रकरणे अशा केसेसची आहेत.

एक प्रकरण दवाखान्यातल्या मावशींसाठी आहे. त्या हत्यारे धुतात, ऑटोक्लेव्ह लावतात, सक्शन धरतात. आणि त्यांना हे कोणी शिकवलेले नसते, आधीच्या मावशींनी दाखवले तेवढेच. निर्जंतुकीकरण खरेच झाले का हे स्पोअर स्ट्रिपने कसे तपासायचे, सुई टोचली तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे, हे सोप्या मराठीत लिहिले आहे. ते त्यांनी वाचावे किंवा त्यांना वाचून दाखवावे. दंतवैद्याच्या शिक्षणाच्या पुस्तकात त्यांचे प्रकरण कशाला, असे एका सभासदाने विचारले होते. रुग्णाच्या तोंडात जाणाऱ्या प्रत्येक हत्याराला आपल्याआधी त्यांचा हात लागतो, हे त्याचे उत्तर आहे.

पुस्तकात त्रुटी असतील. औषधांचे डोस आणि मार्गदर्शक सूचना छापेपर्यंतच्या आहेत. वाचकाने त्या वापरण्यापूर्वी नव्या आवृत्तीशी ताडून पाहाव्यात. तोंडाच्या तपासणीचे प्रकरण मात्र आधी वाचावे, आणि वाचून झाल्यावर त्याच दिवशी पहिल्या रुग्णाची जीभ कापसात धरून कडेपर्यंत पाहावी.

नुकत्याच दवाखाना उघडलेल्या तरुण दंतवैद्यांना एक विनंती. तुमच्या आसपास असे मंडळ नसेल तर तिघे जण जमले तरी सुरू करा. आमच्याकडे यायचे असेल तर कुठल्याही महिन्यात या, नोंदणी नाही, शुल्क नाही. येताना एक एक्स-रे घेऊन या, ज्या दाढेत काय चुकले हे तुम्हाला अजून कळलेले नाही तिचा.